सोळाशेचे साडेआठशे

बोळिंज, विरार (प.)
१८ जून २०२५

प्रिय जिजामावशी,
साष्टांग नमस्कार.

नातू झाला! पिंकीताईचा मेसेज आला तेव्हा मी लॅबमध्येच होते. ब्रायन धावत जाऊन पेढे घेऊन आला आणि आम्ही दोघांनी तुमच्या रिकाम्या स्टुलासमोर उभं राहून ते खाल्ले. लॅबमध्ये खाल्लं म्हणून ओरडू नका, दारात उभं राहून खाल्ले.

फोन केला होता. तुम्ही "कोन? पिंकी बाळाला घेऊन आत हाय" एवढं म्हणून ठेवून दिलात. मावशी, कानाचं यंत्र पेटीत ठेवलं तर ऐकू येत नाही, ते कानात घालावं लागतं. असो. तुम्हाला पत्रं आवडतात हे मला ठाऊक आहे, म्हणून पत्रच लिहिते.

एकतीस वर्षं आमची केमिस्ट्रीची लॅब सांभाळलीत आणि रिटायर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी यवतमाळची गाडी पकडलीत. तुमच्या जागी अजून कुणी आलेलं नाही. नळ्या मी आणि ब्रायन धुतो. परवा त्याने दोन फोडल्या. तुमच्या हातून एकतीस वर्षांत एक फुटली नव्हती, हे मी त्याला दिवसभर ऐकवलं.

सोबतचं पार्सल तुमच्या जयवंतीवहिनींकडून. मी मुद्दाम अर्नाळ्याला गेले होते. होड्या काठावर ओढलेल्या, मासेमारी बंद, सगळ्या बायका ओट्यावर गप्पा मारत बसलेल्या. वहिनी म्हणाल्या, "जिजाला सांग, यवतमाळला दर्या नाय तर नाय, हितून पाठवत जाईन. पन खानं सोडू नको म्हनावं." सुके बोंबील, सोडे आणि जवळा आहे.

बाकी सगळं छान. एक बारीकशी कटकट आहे. फेब्रुवारीत माझं जे मोजमाप सोळाशे आलं होतं, ते आता साडेआठशे येतंय. आमचा पेपर ज्यांनी तपासला त्यांनी ते परत करून दाखवा म्हटलंय, म्हणून पुन्हा लावलं तर ही तऱ्हा. मशीन रुसलं असेल. होईल नीट.

बाळाचा एक पापा घ्या.

तुमची,
विनिता

*

यवतमाळ
२६ जून २०२५

चि. विनिता हिस जिजाचे अनेक आशीर्वाद.

पार्सल पोचलं. पोस्टमन ते हात लांब करून धरून उभा होता, जसा काही मेलेला उंदीर आणलाय. जिन्यातल्या चार घरांनी दारं उघडून गटार फुटलं का म्हणून विचारलं. पिंकी लाजेने लाल झाली. आता बँकेत साहेबीण आहे ना ती! पण दुपारी बोंबलाची चटणी भाकरीबरोबर तिनेच जास्त खाल्ली. इथे तळ्यातली मासळी मिळते. वाईट नाही, पण तिला मिठाची ओळखच नाही बघ.

बाळ गुटगुटीत आहे. नाक आमच्या घराण्याचं, म्हणजे लांबून ओळखू येईल असं. मी शिवलेली झबली त्याला अगदी बरोब्बर बसली.

आता तुझ्या कटकटीचं. ती रीडिंगं म्हणजे तू डोळे फोडून करायचीस तीच ना? मी समोर बसून झबली शिवत होते आणि तू आकडे पुटपुटत होतीस, तीच? मग ती अर्ध्यावर कशी येतील? अर्ध्यावर यायला ती काय आमची पेन्शन आहे?

एवढी वर्षं तुमच्या नळ्या धुतल्या, पण तू त्यात नक्की काय मोजतेस हे कधी विचारलं नाही. तुम्ही घाईत असायचात आणि मीही. आता बाळ झोपलं की मला वेळच वेळ. नीट समजेल असं लिही. शाळा सातवीपर्यंतच झाली, पण मापात मला आजवर कुणी फसवलेलं नाही.

तुझी,
जिजामावशी

*

बोळिंज
५ जुलै २०२५

प्रिय जिजामावशी,

तुम्ही विचारलंत म्हणून बरं वाटलं. माझ्या आईनेही कधी विचारलेलं नाही. ती सगळ्यांना "मुलगी औषधांत काहीतरी करते" एवढंच सांगते.

कपाटातली ती पांढरी पावडर आठवते ना, सायक्लोडेक्स्ट्रिन? ती मक्याच्या पिठापासून बनते. साखरेचे सात कण हातात हात घालून गोल उभे राहिले की जे कडं होतं, ते म्हणजे तिचा एक रेणू. बिनबुडाच्या वाटीसारखा. वाटीच्या बाहेरच्या अंगाला पाणी आवडतं, आतल्या अंगाला आवडत नाही. आता माझं सांधेदुखीचं औषध घ्या. त्याला पाण्याचा भारी कंटाळा. पाण्यात टाकलं की तरंगत तरी राहतं, नाहीतर तळाशी जाऊन बसतं. पण ही वाटी दिसली की ते चटकन तिच्या पोटात शिरतं आणि वाटीबरोबर पाण्यात विरघळतं. एका वाटीत एकच.

मी मोजते ते एवढंच, की औषध त्या वाटीत किती घट्ट बसतं. सैल बसलं तर बाटलीतच बाहेर पडेल. फार घट्ट बसलं तर पोटात गेल्यावरही सुटणार नाही, मग गुण कसला येणार? दहा नळ्यांत औषध सारखंच ठेवायचं, पावडर थोडी थोडी वाढवत न्यायची आणि प्रत्येक नळीतून प्रकाश सोडायचा. औषध वाटीत शिरलं की ते प्रकाश जरा वेगळा पितं. त्या फरकावरून आकडा निघतो. सोळाशे म्हणजे छान घट्ट. साडेआठशे म्हणजे निम्मी पकड.

आता खरी गोष्ट सांगते. मागच्या पत्रात मी ती हसण्यावारी नेली होती.

मशीन रुसलेलं नाही. मशीन तपासलं, पाणी बदललं, वजनकाटा तपासून घेतला. पावडर तीच, बरणी तीच, औषध तेच. ब्रायननेही स्वतंत्रपणे करून बघितलं, त्याचं आठशे चाळीस आलं. मंगळवारी नेहल मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. माझी फेब्रुवारीची वही त्यांच्यासमोर होती. त्यांनी ती मिटली आणि विचारलं, "विनिता, ही रीडिंगं घेताना तुझ्याबरोबर कोण होतं?"

एवढंच विचारलं. पण मावशी, माझ्या गाईड म्हणून पाच वर्षांत मॅडमनी मला असं कधीच विचारलं नव्हतं. त्यांना वाटतंय की मी आकडे घरी बसून लिहिले.

३१ जुलैपर्यंत सोळाशे परत दाखवता आलं नाही तर पेपर मागे घ्यावा लागेल. पीएचडी वर्षभर लांबली तरी मला चालेल. पण पेपर मागे घेतला की सगळे एकच अर्थ काढणार. मी खोटी नाही, हे कुणाला आणि कसं दाखवू?

विनिता

*

यवतमाळ
१२ जुलै २०२५

चि. विनिता,

पत्र वाचून माझं डोकं फिरलं. आमटी करपली, जावयाने मुकाट्याने खाल्ली.

तू खोटी? तुझ्या बाजूने बोलायला मी काय मेले आहे? तू एक एक आकडा लिहिलास तेव्हा मी समोर होते. मॅडमनी विचारलं कोण होतं, तर सांगायचं होतंस, जिजा होती म्हणून. तुझ्या तोंडाला काय झालं होतं? शिपाईणीची साक्ष चालत नाही असं कुठे लिहिलंय?

ते जाऊ दे. रडत बसू नकोस. आमच्याकडे जाळं रिकामं आलं तर कुणी दर्याला शिव्या देत नाही, आधी जाळं उलटंपालटं करून भोक शोधतात. तूही भोक शोध.

तू समजावलंस ते मी दोनदा वाचलं. वाटीचं कळलं. एक विचारते. त्या वाटीत तुझं औषधच बसतं का? की अजून कुणी बसू शकतं? वाटी काय, ज्याला घरात जागा दिसेल तो शिरणारच. कोण कोण बसतं ते लिही.

आणि ती पावडर वासासाठी वापरतात का, तेही सांग. पिंकी म्हणते तिच्या साबणाच्या डब्यावर असलंच काहीसं नाव वाचलंय.

बाळ आता आवाजाकडे बघायला लागलंय. तुला त्याचा फोटो पाठवायला सांगितलाय.

तुझी,
जिजामावशी

*

बोळिंज
२० जुलै २०२५

प्रिय मावशी,

तुम्ही माझ्या परीक्षकांच्या समितीवर असायला हव्या होतात. त्यांनी दोन वर्षांत इतका चांगला प्रश्न विचारलेला नाही.

हो, त्या वाटीत कुणीही बसतं. बेताच्या आकाराचा आणि पाण्याचा कंटाळा असणारा कुणीही. वासाचे पदार्थ तर तिला फारच आवडतात. पुदिन्यातलं मेंथॉल, लवंगेचं तेल, कापूर, लिंबाच्या सालीचा वास, असे कितीतरी. म्हणूनच ती पावडर कुबट वास घालवायच्या फवाऱ्यांत टाकतात. वास वाटीत जाऊन बसला की नाकाला कळतच नाही. कडू औषधं गोड लागावीत म्हणूनही वापरतात, कडूपणा वाटीत लपतो. तुमच्या बोंबलांच्या पार्सलवर चार चमचे भुरभुरायला हवी होती, पोस्टमनची सुटका झाली असती!

भोक शोधतेय. काल पावडर भट्टीत वाळवून पाहिली, ओल जास्त झाली असेल म्हणून. बरणीत ओल शोषायची पुडी आहेच, तरी. आकडा आठशे साठ. थोडाही हलायला तयार नाही.

तुमचं नाव मी मॅडमना सांगितलं नाही. तुम्हाला लांबून यात ओढायचं नव्हतं. आणि तुम्ही माझ्यावर माया करता हे सगळ्या कॉलेजला माहीत आहे. मॅडम काही बोलल्या नसत्या, पण मनात हसल्या असत्या.

अकरा दिवस उरलेत.

विनिता

*

बोळिंज
९ ऑगस्ट २०२५

प्रिय जिजामावशी,

तीन आठवडे झाले, तुमचं पत्र नाही. पिंकीताईला मेसेज केला तर ती म्हणाली, "आई बरी आहे, पण हल्ली गप्प गप्प असते." मी काही चुकीचं लिहिलं का? "मनात हसल्या असत्या" हे वाक्य तुम्हाला लागलं असणार. ते मॅडमबद्दल होतं, तुमच्याबद्दल नव्हतं. तुमची साक्ष मला कमी वाटते असं समजू नका हो. मला लिहायची अक्कल नाही, फक्त मोजायची होती, आणि आता तीही गेली असं दिसतंय.

३१ जुलै होऊन गेला. मॅडम पेपरबद्दल एक शब्द बोलत नाहीत. त्यांनी तो मागे घेतलाय हे उघड आहे, मला सांगायला जड जात असेल. विचारायचा मला धीर होत नाही. आम्ही दोघी एकमेकींना गुड मॉर्निंग म्हणतो आणि आपापल्या कामाला लागतो.

ब्रायनच्या मम्मीने, फिलोमिना आंटीने, मला नंदाखालला जेवायला बोलावलं. वाडीतल्या वेलची केळ्यांचा घड हातात दिला आणि म्हणाली, "जेवन करून जा, आकडे काय, येतात नी जातात." मी तिथे चांगलं दीड ताट जेवले. तर एवढी काही मी खचलेली नाही, काळजी करू नका.

काल अर्नाळ्याला नारळी पौर्णिमा झाली. वहिनींनी तुमच्या नावाचाही नारळ दर्यात सोडला.

दोन ओळी तरी लिहा.

विनिता

*

यवतमाळ
१५ ऑगस्ट २०२५

चि. विनिता,

मी रागावले नाही. मी घाबरले होते.

तुझं वीस तारखेचं पत्र आलं, त्यात तू कोण कोण बसतं ते लिहिलंस. मेंथॉल, लवंग आणि त्याच्या पुढचं. त्या पुढच्या शब्दावर माझा हात थांबला. तीन आठवडे मी ते पत्र उशीखाली ठेवून झोपते आहे. आज हिंमत करून लिहिते.

पोरी, तुझ्या बरणीत कापूर मी ठेवला.

एप्रिलच्या शेवटच्या दिवशी, माझ्या निरोपाच्या चहाच्या आधी, मी तुझं कपाट शेवटचं पुसून घेत होते. बेसिनपाशी मुंग्यांची ही रांग. तू मला कितीदा म्हणाली होतीस, मावशी ही साखरच आहे एक प्रकारची. मी विचार केला, मी उद्या जाणार, या दोघांचं लक्ष नाही, साखरेला मुंग्या लागल्या तर पोरीची मेहनत वाया जाईल. घरी आपण कापूर ठेवतोच की. झबल्याचं उरलेलं मलमल होतं, त्याची छोटी पिशवी शिवली, पर्समधलं देवाच्या कापराचं अख्खं पाकीट तिच्यात रिकामं केलं आणि पिशवी बरणीत ठेवली. पावडरीत नाही हं ठेवली, तेवढी अक्कल आहे मला. आतल्या प्लास्टिकच्या पिशवीच्या बाहेर ठेवली. पण त्या आतल्या पिशवीचं रबर तुटलेलं होतं आणि तिचं तोंड उघडंच होतं. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही.

तू जिला ओल शोषायची पुडी म्हणतेस ती तीच असणार. बघ, पांढऱ्या दोऱ्याची दुहेरी शिवण आहे.

कापूर तुझ्या वाट्यांत जाऊन बसला का गं? तुझ्या औषधाची जागा त्याने अडवली का? तसं असेल तर मीच तुला खोटं पाडलं. एकतीस वर्षांत एक नळी फोडली नाही आणि जाता जाता हे केलं.

पत्र लिहायला उशीर केला त्याचीही माफी माग म्हणतं माझं मन. मागते.

जिजा

*

बोळिंज
२४ ऑगस्ट २०२५

मावशी, मावशी, मावशी!

माफी कसली मागता? तुम्ही इथे असतात तर मी तुम्हाला उचलून लॅबभर नाचवलं असतं!

तुमचं पत्र गुरुवारी कॉलेजच्या पत्त्यावर आलं. मी ते कपाटासमोर उभं राहून वाचलं आणि बरणी उघडली. पांढरी मलमलची पिशवी, दुहेरी शिवण, आत काहीच नाही. सगळा कापूर उडून गेलेला. मी रोज ती बाजूला सारून पावडर काढत होते आणि वास म्हणून काही नव्हता! कारण वास वाटीत बसला होता. मीच तुम्हाला लिहिलं होतं की नाकाला कळत नाही. लिहिलं मी, आणि कळलं तुम्हाला.

मग पावडर पाण्यात घालून उकळायला ठेवली. उकळलं की वाट्या पाहुण्याला सोडतात. पाच मिनिटांत वाफ आली आणि सगळ्या लॅबभर आरतीच्या वेळेसारखा वास सुटला. ब्रायन दार उघडून म्हणाला, "गणपती बुधवारी यायचेत ना?" मी त्याला काही सांगू शकले नाही, इतकी हसत होते. तो फ्लास्कवर वाकला, वास घेतला आणि मटकन तुमच्या स्टुलावर बसला.

मुंबईतल्या एका मैत्रिणीच्या लॅबमधून थोडी नवी पावडर आणली. कालचा सगळा दिवस दहा नळ्या लावण्यात गेला. मावशी, एक हजार सहाशे दहा.

परत लावलं. एक हजार पाचशे नव्वद.

पावडर तीच म्हणून मी पावडरीवर कधी संशयच घेतला नाही. आधी मशीनवर घेतला, मग पाण्यावर, मग काट्यावर, आणि शेवटी स्वतःवर घेतला. हो, खरं सांगते, ऑगस्टमध्ये मलाच वाटायला लागलं होतं की फेब्रुवारीत माझ्या हातून काही चुकलं असेल आणि मी सोळाशे मनाने पाहिलं असेल. मनातला तो काटा काल निघाला.

एक गोष्ट मात्र बिनसली. मॅडमना सगळं दाखवलं. त्यांनी फ्लास्क हुंगला, आकडे पाहिले आणि विचारलं, "कापूर कुणी ठेवला?" मी म्हटलं, "कुणीतरी." तुमचं नाव घेववेना. त्या म्हणाल्या, "आणि कधी ठेवला?" मी म्हटलं, "फेब्रुवारीनंतर कधीतरी." त्या म्हणाल्या, "कुणीतरी, कधीतरी, असं चालत नाही विनिता."

म्हणजे अजूनही विश्वास नाहीच. त्यांना वाटत असेल, मीच कापूर टाकून ही गोष्ट रचली. पेपर तर गेलाच. पण निदान खरं काय ते मला कळलं, तुम्हाला कळलं. मला एवढं पुरे आहे, अगदी मनापासून.

तुमची,
विनिता

*

यवतमाळ
३० ऑगस्ट २०२५

चि. विनिता,

आधी आनंद झाला, इतका की बाळाला उचलून मीच नाचले. मग पत्राचा शेवट वाचला आणि तुझे कान धरावेसे वाटले.

तुला कुणी सांगितलं मला झाकायला? मी काय चोरी केली? मुंग्यांना कापूर ठेवला, अफू नाही. तुझ्या मॅडमचं बरोबर आहे. त्यांनी विचारलं कधी, तर तारीख सांगायला नको? फेब्रुवारीच्या आधी कापूर होता की नंतर, यावरच तर सगळं ठरतंय. एवढं तर मलाही कळतं. तू शिकलेली असून माझ्या मायेपोटी तुला कळलं नाही.

सोबत वेगळा कागद आहे. त्यावर मी लिहिलंय: दिनांक ३० एप्रिल २०२५, दुपारी तीनच्या सुमारास, सायक्लोडेक्स्ट्रिनच्या बरणीत कापराचं एक पाकीट मी स्वतः ठेवलं, त्याआधी कधीही ठेवलं नव्हतं. खाली सही, आणि पिंकीची साक्षीदार म्हणून सही. ती म्हणाली, "आई, कोर्टात चाललीस का?" मी म्हटलं, हो.

हा कागद तू स्वतः मॅडमच्या हातात दे. टेबलावर ठेवून पळू नकोस. आणि पेपरचं काय झालं ते तोंडाने विचार. गुड मॉर्निंग पुरे झालं.

जिजामावशी

*

बोळिंज
८ सप्टेंबर २०२५

प्रिय जिजामावशी,

आज गणपतीच्या सुट्टीनंतर कॉलेज उघडलं. सकाळी साडेदहाला मी तुमचा कागद मॅडमच्या हातात दिला आणि उभी राहिले. त्यांनी तो वाचला. मग परत वाचला. म्हणाल्या, "तीस एप्रिल. बस, मला एवढंच हवं होतं. पेपरमध्ये तारीख लागते, विनिता, 'कुणीतरी' लिहिता येत नाही."

मी म्हटलं, "कुठल्या पेपरमध्ये, मॅडम? तो तर मागे घेतलात ना?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच कापूर खाल्लाय. मग खण उघडून एक आंतर्देशीय पत्र काढलं. अक्षर बघताच मी ओळखलं. बारा जुलैचं होतं. मावशी, तुम्ही मला करपलेल्या आमटीचं लिहिलंत त्याच दिवशी मॅडमनाही लिहिलं होतंत! आणि मला आजपर्यंत एका शब्दाने सांगितलं नाहीत.

मॅडमनी ते मला वाचून दाखवलं. "फेब्रुवारीत एक दिवस लाइट कमीजास्त होत होती. पोरीने दुपारपर्यंतची सगळी रीडिंगं आडवी रेघ मारून रद्द केली आणि पहिल्या नळीपासून परत लावली. मी म्हटलं, अगं राहू दे, कोण बघतंय. तर म्हणाली, मावशी, तुम्ही बघताय की. मॅडम, मला तुमचं शास्त्र कळत नाही. पण मी एकतीस वर्षं तुमच्या सगळ्यांच्या मागे उभी होते आणि कोण खाडाखोड करतं ते मला पाठ आहे. ही त्यातली नाही."

मला तो दिवस आठवतही नव्हता. मॅडमनी माझी वही काढली, चौदा फेब्रुवारीचं पान उघडलं. आडवी रेघ होती तिथे.

हे पत्र अठरा जुलैला आलं आणि त्याच दुपारी त्यांनी मासिकाला लिहून सप्टेंबरअखेरपर्यंत मुदत मागून घेतली होती. ईमेल दाखवला मला. कापराचं तेव्हा कुणाला काही माहीत नव्हतं. साडेआठशेच येत होतं. मी म्हटलं, "मग मला सांगितलं का नाही? मी दीड महिना..."

मॅडम म्हणाल्या, "सांगायचं तर आधी तुझी माफी मागावी लागली असती. ते मला जमेना. आता मागते." आणि खरंच मागितली, मावशी. खुर्चीतून उठून.

मग आम्ही दोघी रडलो. ब्रायन दार उघडून आत आला आणि तसाच पाठमोरा बाहेर गेला. मॅडमनी डोळे पुसले आणि लगेच कामाला लावलं. जुनी पावडर फेकायची नाही, त्यात कापूर किती बसलाय आणि किती घट्ट बसलाय तेही मोजायचं, आणि पेपरमध्ये वेगळा भाग म्हणून घालायचं. औषधाच्या गोळीत कुणी वासासाठी असलं काही घातलं तर औषधाची जागा जाते, हे लोकांना कळायला हवं, असं त्यांचं म्हणणं. उद्यापासून लागते.

मावशी, जूनपासून मी एकशे चाळीस नळ्या लावल्या, मी खोटी नाही हे दाखवायला. मॅडमनी विश्वास ठेवला तो त्यातल्या एकाही नळीमुळे नाही. तुम्ही लिहिलंत म्हणून ठेवला.

तुमची,
विनिता